बिजागरीला विचारलेले तीन प्रश्न : बारावीच्या भौतिकशास्त्राच्या वर्गातील एक प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बारावी विज्ञानाच्या वर्गाला मी तासाच्या शेवटी एक गणित घातले आणि ते कागदावर सोडवून जाताना टेबलावर ठेवायला सांगितले. गणित असे होते : एक मीटर लांबीची, ३ किलोग्रॅम वस्तुमानाची आणि सगळीकडे सारख्या जाडीची एक लाकडी फळी एका टोकाला बिजागरीने उभ्या खांबावर बसवली आहे. ती फाटकासारखी आडव्या पातळीत मोकळेपणाने फिरू शकते. २५० ग्रॅमचा ओल्या मातीचा गोळा सेकंदाला ५ मीटर वेगाने येऊन फळीच्या मोकळ्या टोकावर काटकोनात आदळतो आणि तिथेच चिकटतो. फळी किती कोनीय वेगाने, म्हणजे सेकंदाला किती कोनातून, फिरू लागेल?

कागद घरी आणून लावले तेव्हा त्यांचे तीन गठ्ठे पडले. सर्वांत मोठ्या गठ्ठ्यातले उत्तर होते सेकंदाला २.२४ रेडियन (रेडियन हे कोनाचे एकक, सुमारे ५७ अंश). दुसऱ्यातले ०.३८. तिसरा गठ्ठा सर्वांत लहान होता आणि त्यातले उत्तर सेकंदाला १ रेडियन, म्हणजे बरोबर होते. गणिते चुकतात, त्यात नवे काही नाही. पण या वेळी चुका इतक्या स्वच्छ वेगळ्या पडल्या होत्या, आणि बरोबर उत्तरांच्या गठ्ठ्यातही असे काही निघाले, की हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले.

आमचे कनिष्ठ महाविद्यालय पेणच्या परिसरात आहे. वर्गातली काही मुले दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यमात होती, बाकीची बहुतेक सेमी-इंग्रजीतून आलेली. मराठीतून शिकलेल्यांनी नववीत संवेग (वस्तुमान गुणिले वेग), कार्य आणि ऊर्जा या संकल्पना याच शब्दांत शिकलेल्या असतात. अकरावीत आले की पुस्तक आणि परिभाषा इंग्रजी होते, आणि संवेगाचा 'मोमेंटम' होतो, बलाच्या आघूर्णाचा, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या परिणामाचा, 'मोमेंट ऑफ फोर्स' किंवा 'टॉर्क' होतो, जडत्वाच्या आघूर्णाचा, म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते त्या मापाचा, 'मोमेंट ऑफ इनर्शिया' होतो, आणि कोनीय संवेगाला, म्हणजे फिरण्यातल्या संवेगाला, काही ठिकाणी 'मोमेंट ऑफ मोमेंटम' असेही म्हटलेले आढळते. मराठीत संवेग आणि आघूर्ण हे शब्द कधीच एकमेकांत मिसळत नाहीत, कारण एकात वेग आहे आणि दुसऱ्यात घूर्णन, म्हणजे फिरणे, आहे. इंग्रजीत मात्र मोमेंट आणि मोमेंटम एकाच लॅटिन मुळातून आलेले असल्याने घाईत वाचणाऱ्या मुलाला ते एकाच कुटुंबातले वाटतात. त्यात एककांचा गोंधळ मिसळतो. बल गुणिले अंतर हा गुणाकार कार्यातही आहे आणि आघूर्णातही आहे; दोन्हींचे एकक न्यूटन-मीटर. म्हणून आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत ऊर्जेसाठी ज्यूल वापरतात आणि आघूर्ण न्यूटन-मीटरमध्येच लिहितात. हा संकेत मुलांना माहीत असतो, पण त्यामागचे कारण, म्हणजे कार्यात बल आणि विस्थापन एकाच दिशेत मोजले जातात तर आघूर्णात बल आणि अंतर एकमेकांना काटकोनात मोजले जातात, हे बहुतेकांच्या मनात बसलेले नसते.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न मिळून ९० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. या हिशेबाने तयारी करणारे मूल प्रश्नातला एखादा ओळखीचा शब्द पाहते आणि त्याला जोडलेले सूत्र काढते. मी याबद्दल मुलांना दोष देत नाही, पण पुढच्या तिन्ही गठ्ठ्यांत या सवयीची खूण दिसते.

कागदांवर काय होते

पहिल्या गठ्ठ्यातला सर्वांत नीटनेटका कागद एका मुलीचा होता. तिने लिहिले होते : गोळ्याची गतिज ऊर्जा अर्धे गुणिले ०.२५ गुणिले २५, म्हणजे ३.१२५ ज्यूल. फळीचे जडत्व आघूर्ण वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले तीन, म्हणजे १. त्यात चिकटलेल्या गोळ्याचे ०.२५ मिळवून १.२५. ऊर्जा अक्षय्य असते, म्हणून अर्धे गुणिले १.२५ गुणिले कोनीय वेगाचा वर्ग बरोबर ३.१२५. उत्तर २.२४. या कागदावर आकडेमोडीची एकही चूक नव्हती, आणि तिने वापरलेला नियम निसर्गातला सर्वांत भरवशाचा नियम आहे. चूक एवढीच होती की तिने ऊर्जेच्या अनेक खात्यांपैकी एकच खाते उघडले होते. चिकटताना माती दबते, चपटी होते, आतल्या आत घासली जाते आणि किंचित तापते. बरोबर उत्तर धरले तर टक्करीनंतरची गतिज ऊर्जा ०.६२५ ज्यूल येते, म्हणजे २.५ ज्यूल, चांगले ८० टक्के, फळीपर्यंत पोहोचतच नाहीत.

दुसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांना हे माहीत होते. चिकटणाऱ्या टक्करीत गतिज ऊर्जा टिकत नाही, संवेग टिकतो, हे अकरावीत 'गतीचे नियम' या प्रकरणात शिकवलेले त्यांना आठवत होते. त्यांनी १.२५ हा संवेग एकूण ३.२५ किलोग्रॅमने भागला, ०.३८ मीटर प्रति सेकंद हा वेग काढला आणि त्याला एक मीटरने भागून कोनीय वेग लिहिला. दोघांनी फळीचा मध्यबिंदू त्या वेगाने जातो असे धरून ०.७७ काढले होते, ते निदान एक पाऊल पुढे होते. पण या सर्वांनी बिजागरी नाहीच असे समजून गणित सोडवले होते. खांबाला जखडलेली फळी त्यांच्या कागदावर बर्फावर पडलेल्या फळीसारखी मोकळी झाली होती.

तिसऱ्या गठ्ठ्यात बहुतेकांनी बिजागरीभोवतीचा कोनीय संवेग टक्करीआधी आणि टक्करीनंतर सारखा धरला होता आणि १.२५ भागिले १.२५ करून उत्तर काढले होते. एका मुलाचा कागद मात्र वेगळा होता. त्याने लिहिले होते : 'टॉर्क बरोबर मोमेंटम गुणिले अंतर, म्हणून १.२५ न्यूटन-मीटर. टॉर्क भागिले मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणून १.' आकडा बरोबर. पण आघूर्णाला जडत्व आघूर्णाने भागले की कोनीय त्वरण, म्हणजे कोनीय वेग बदलण्याचा दर, मिळते, कोनीय वेग नव्हे. आणि संवेगाला अंतराने गुणले की आघूर्ण नव्हे तर कोनीय संवेग मिळतो. दोन चुका एकमेकींना छेदून गेल्या आणि उत्तर नेमके योग्य जागी येऊन पडले. पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत या मुलाला पूर्ण गुण मिळाले असते, आणि २.२४ काढणाऱ्या त्या मुलीला शून्य. माझ्या मते या तिघांत सर्वांत जास्त मदतीची गरज या मुलाला होती, कारण आपण चुकलो आहोत हे त्याला कळण्याचा कोणताच मार्ग उरला नव्हता.

फळी, दोरी आणि शाडू

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तिन्ही आकडे लिहिले आणि कोणता बरोबर हे सांगितले नाही. वर्गाचा कल २.२४ कडे होता. ती मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, ऊर्जा अक्षय्य असते हे आम्ही नववीपासून शिकतोय. मग इथेच ती कुठे जाईल?" हा प्रश्न मनापासून विचारलेला होता. त्याला फळ्यावर खडूने उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

गावातल्या सुताराकडून एक मीटर लांबीची, वजनाला ३ किलोच्या आसपास भरणारी फळी करून घेतली आणि प्रयोगशाळेतल्या लाकडी खांबाला दोन बिजागऱ्यांनी बसवली. चिकटणारी माती हवी होती. त्या मुलीचे वडील गणपतीच्या कारखान्यात काम करतात. जुलैत आमच्याकडच्या कारखान्यांत मूर्तींचे काम जोरात असते, त्यामुळे तिने दुसऱ्याच दिवशी पिशवीभर भिजवलेली शाडू आणली. गोळ्याचा वेग नेमका कळावा म्हणून तो फेकायचा नाही, तर दोरीला बांधून ठरावीक उंचीवरून सोडायचा असे ठरले. छताच्या पंख्याच्या हुकाला अडीच मीटर लांबीची दोरी बांधली. दोरी मुद्दाम लांब घेतली होती. ती आखूड असती तर चिकटल्यानंतर गोळ्यासकट फळीलाही मागे ओढू लागली असती. गोळा २० सेंटिमीटर वर उचलून सोडला की खाली येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ २ मीटर होतो. या वेगाला तीन पद्धतींची भाकिते अनुक्रमे ०.८९, ०.१५ आणि ०.४ रेडियन प्रति सेकंद येतात.

मोजायचे कसे, हा प्रश्न मुलांनीच सोडवला. बिजागरीखालच्या बिंदूपासून फरशीवर खडूने १० अंशांवर एक रेघ मारली आणि मोबाइल वर धरून चित्रण केले. सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या चित्रणात फळी ती रेघ गाठायला किती चौकटी घेईल, हे आधी काढून फळ्यावर लिहिले : ऊर्जेच्या गठ्ठ्याप्रमाणे ६, सरळ रेषेतल्या संवेगाच्या गठ्ठ्याप्रमाणे ३४, कोनीय संवेगाप्रमाणे १३. भाकीत आधी लिहून ठेवण्याचा मी आग्रह धरला होता, कारण निकाल पाहिल्यावर प्रत्येकाला आपल्याला तो आधीच माहीत होता असे वाटू लागते.

गोळा सोडला. 'थप्' असा ओला आवाज आला आणि फळी अगदी सावकाश, कुणी पाहुणा आत येण्यासाठी दार ढकलावे तशी फिरू लागली. सहा चौकटींत रेघ गाठण्याइतकी चपळाई तिच्यात नाही, हे चित्रण पाहण्याआधीच सगळ्यांना दिसले. चौकटी मोजल्या तेव्हा पहिल्या वेळी १५, दुसऱ्यांदा १४ आणि बिजागरीत तेल घातल्यावर तिसऱ्यांदाही १४ भरल्या. मग मी त्या मुलीला फळीवरचा गोळा सोडवून आणायला सांगितले. सोडताना तो तिने तळहातांमध्ये वळून गोल केला होता; आता त्याची एक बाजू भाकरीसारखी थापली गेली होती आणि तिच्यावर लाकडाचे रेषे उमटले होते. हा आकार बदलायला काय लागले असेल, एवढेच मी विचारले. ती बराच वेळ गोळ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ऊर्जा गेली नाही, माती मळण्यात खर्च झाली."

इथे मी त्यांना नेदरलँड्समधल्या लायडनचे प्राध्यापक विलेम 'स ग्रावेसांडे यांच्याबद्दल सांगितले. १७२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले आणि मातीत पडणारा खड्डा वेगाच्या नव्हे तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे दाखवले. गतीचे माप वस्तुमान गुणिले वेग मानावे की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, हा वाद त्यापूर्वी, १६८६ मध्ये, जर्मन तत्त्वज्ञ-गणिती लाइबनिट्झ यांनी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या मताविरुद्ध उभा केला होता, आणि फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातले यांनी १७४० च्या आपल्या ग्रंथात वेगाच्या वर्गाची बाजू मांडली. आपल्या पहिल्या आणि दुसऱ्या गठ्ठ्यांतला झगडा तोच आहे, आणि युरोपातल्या सर्वोत्तम बुद्धिमत्तांना तो सुटायला दशके लागली. हे ऐकल्यावर वर्गातला संकोच बराच कमी झाला, आणि मातीतली खूण वाचणे हा पोरखेळ नसून मोजमापाची खरी पद्धत आहे हेही त्यांना जाणवले.

बिजागरीचे साक्षीपुरावे

दुसऱ्या गठ्ठ्याचा प्रश्न अजून उरला होता. संवेग अक्षय्य असतो, मग ०.३८ का नाही? यासाठी पुढचा पूर्ण तास मी फक्त बिजागरीवर दिला, आणि या प्रकरणात काही उपयोगाचे घडले असेल तर ते याच तासाला घडले. मी वर्गाला सांगितले की सूत्र लिहायच्या आधी बिजागरीला तीन प्रश्न विचारायचे. तू बाहेरून बल लावतेस का? ते बल लावताना तू स्वतः हलतेस का? आणि तुझे बल आसापासून, म्हणजे फळी ज्या रेषेभोवती फिरते तिच्यापासून, किती अंतरावर लागते?

पहिल्याचे उत्तर होय असे आहे. टक्करीच्या क्षणी फळीचे जखडलेले टोक बिजागरीला झटका देते आणि बिजागरी उलट झटका देते. बाहेरून बल आले म्हणजे सरळ रेषेतला संवेग टिकण्याची हमी गेली. दुसऱ्याचे उत्तर नाही. बिजागरी जागची हलत नाही, म्हणून तिच्या बलाने होणारे कार्य शून्य. ती ऊर्जा देतही नाही आणि काढूनही घेत नाही, त्यामुळे हरवलेल्या २.५ ज्यूलचा आळ तिच्यावर घेता येत नाही, ते मातीतच शोधावे लागतात. तिसऱ्याचे उत्तर शून्य. बल आसावरच लागते, म्हणून त्याचे आसाभोवतीचे आघूर्ण शून्य, आणि म्हणून आसाभोवतीचा कोनीय संवेग टक्करीत जसाच्या तसा राहतो. एकच बिजागरी, एकच बल, आणि ऊर्जा, संवेग व आघूर्ण या तिघांशी तिचे संबंध पूर्णपणे वेगळे.

मग आम्ही मूळ गणितातला टक्करीनंतरचा सरळ रेषेतला संवेग काढून पाहिला. फळीचा मध्य अर्ध्या मीटरवर आहे, म्हणून ३ गुणिले ०.५ गुणिले १, म्हणजे १.५, त्यात गोळ्याचे ०.२५. एकूण १.७५. गोळा येताना मात्र फक्त १.२५ होते. वर्गात कुजबुज झाली, कारण संवेग कमी होईल असे सगळ्यांनी गृहीत धरले होते आणि तो वाढला होता. अडवणारी बिजागरी पुढे कशी ढकलेल? मी टेबलावर एक मोकळी पट्टी ठेवली आणि तिच्या एका टोकाला बोटाने टिचकी मारली. ते टोक पुढे गेले आणि दुसरे टोक मागे वळले. बिजागरी त्या दुसऱ्या टोकाला मागे जाऊ देत नाही, म्हणजेच ती त्याला पुढे ढकलते. वाढीव ०.५ न्यूटन-सेकंद तिथून आले होते.

यानंतर प्रश्न मुलांकडूनच आला : गोळा बिजागरीपासून थोड्याच अंतरावर मारला तर? ०.२ मीटरवर मारला तर फळीचा कोनीय वेग ०.२५ च्या जवळ येतो आणि एकूण संवेग १.२५ वरून ०.३८ वर घसरतो. म्हणजे आता बिजागरी मागे ढकलते. एका टोकाला मारले तर पुढे, दुसऱ्याजवळ मारले तर मागे, तेव्हा मध्ये कुठेतरी अशी जागा असलीच पाहिजे की जिथे मारल्यावर बिजागरीला काहीच करावे लागत नाही. ही जागा बिजागरीपासून फळीच्या लांबीच्या दोन तृतीयांशावर येते. तिथे आदळल्यावर कोनीय वेग ०.७५ येतो आणि एकूण संवेग बरोबर १.२५ भरतो. एका मुलाने लगेच बॅटची आठवण काढली : चेंडू बॅटच्या अगदी टोकाला लागला की हातांना झिणझिण्या येतात आणि योग्य जागी लागला की हातांना काही जाणवतच नाही. बॅट ही सारख्या जाडीची पट्टी नसल्याने तिथे दोन तृतीयांशाचा आकडा लागू होत नाही, पण कारण तेच आहे. तिथे बिजागरीची भूमिका मनगटे करतात. दाराचा अडथळा दाराच्या रुंदीच्या दोन तृतीयांशावर बसवला तर दार वाऱ्याने आपटले तरी बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होत नाहीत, हेही मी सांगितले.

त्या मुलाचा कागद

बरोबर उत्तर काढणाऱ्या मुलाशी मी तासानंतर वेगळी बोलले. त्याच्या उत्तराला आधी चूक म्हटले नाही. गोळा फळीला किती वेळ ढकलत होता, एवढे विचारले. तो म्हणाला, "अगदी थोडा वेळ." मी म्हणाले की समजा सेकंदाचा पन्नासावा भाग, तर तेवढ्या वेळात फळीचा वेग शून्यावरून १ वर न्यायला आघूर्ण किती लागेल? फळीचे एकटीचे जडत्व आघूर्ण १, म्हणून त्याने सरासरी ५० न्यूटन-मीटर काढले. मग वेळ सेकंदाचा शंभरावा भाग धरला, तेव्हा १०० आले. आघूर्ण वेळेप्रमाणे बदलते आणि फळीला मिळालेला कोनीय संवेग मात्र दोन्ही वेळा १ च राहतो, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आणि आपल्या जुन्या कागदावरच्या 'टॉर्क' या शब्दावर काट मारून तिथे मराठीत 'कोनीय संवेग' असे लिहिले. न्यूटन-मीटरच्या जागी न्यूटन-मीटर-सेकंद लिहायलाही तो विसरला नाही. त्या दिवसापासून मी वर्गात दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहू लागले आहे. इंग्रजी परिभाषा त्यांना पुढे लागणारच आहे, पण आघूर्ण या शब्दातले फिरणे ज्या मुलांना ऐकू येते त्यांच्याकडून ते काढून घेण्याचे मला काही कारण दिसत नाही.

तीन आठवड्यांनी घटक चाचणीत मी उतारावरून न घसरता गडगडणाऱ्या भरीव गोलाचे गणित घातले. त्यात घर्षण असते, तरीही यांत्रिक ऊर्जा टिकते, आणि दुसऱ्या गठ्ठ्यातल्या बऱ्याच मुलांनी 'घर्षण आहे म्हणून ऊर्जा टिकत नाही' असे लिहिले. एका गणितात शिकलेली सावधगिरी त्यांनी दुसऱ्यात आंधळेपणाने वापरली होती, आणि त्यावर अजून काम करायचे आहे. शाडू आणणाऱ्या मुलीच्या उत्तरपत्रिकेत मात्र आकडेमोड सुरू होण्याआधी समासात दोन ओळी होत्या : 'घर्षण बल लावते. पण टेकलेला बिंदू त्या क्षणी हलत नाही, म्हणून कार्य शून्य. ऊर्जा चालेल.'